दरवर्षी ४९ सूर्य: एनजीसी १०९७ च्या केंद्रातल्या वायूचं फसलेलं गणित

ठाण्यातल्या एका महाविद्यालयात एमएस्सीच्या शेवटच्या सत्रातल्या तिघांचा प्रकल्प. विषय असा: दांडा, म्हणजे मध्यातून जाणारा ताऱ्यांचा लांबट पट्टा, असलेल्या सर्पिल दीर्घिकेत वायू केंद्राकडे किती सरकतो? चार आठवड्यांनी उत्तर आलं. एनजीसी १०९७ या दीर्घिकेच्या केंद्राभोवती वायूचं जे कडं आहे, त्यातून दरवर्षी ४९ सूर्यांच्या वस्तुमानाइतका वायू आत जातो. आलेख देखणे होते, प्रोग्रॅम एकदाही अडखळला नव्हता, आणि उत्तर साफ चुकलेलं होतं.

ही चूक नोंदवून ठेवावी अशी आहे, कारण ती निष्काळजीपणातून झालेली नव्हती. वायूचा वेग मोजला की वायूचा ओघ मोजला, असं धरून चाललं की भल्याभल्यांकडून ती होते. या विषयाच्या इतिहासात हीच चूक आपल्या स्वतःच्या आकाशगंगेबाबतही होऊन गेली आहे. त्याबद्दल पुढे येईलच.

दीर्घिका आणि डेटा

एनजीसी १०९७ फॉरनॅक्स तारकासमूहात आहे. विल्यम हर्शलने ती १७९० मध्ये टिपली. अंतर साधारण १ कोटी ३६ लाख पार्सेक, म्हणजे सुमारे ४.४ कोटी प्रकाशवर्षं. या अंतरावर आकाशातला एक सेकंद कोन (अंशाचा ३६००वा भाग) म्हणजे ६६ पार्सेक. हा आकडा पाठच करून ठेवायचा, कारण पुढे प्रत्येक पायरीला तो लागतो. दक्षिणेकडची असल्याने ठाण्याच्या आकाशात ती जास्तीत जास्त ४० अंश वर चढते, तीही नोव्हेंबरच्या सुरुवातीला मध्यरात्रीच्या सुमारास. घोडबंदर रोडच्या उजेडात तिला शोधत बसण्यात अर्थ नाही, आणि या कामाला त्याची गरजही नाही.

गटातल्या एकाचा आधी आग्रह होता की जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचा डेटा घ्यावा. माळशेज घाट चढून पलीकडे गेलं की नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना उभ्या आहेत, आपल्या हाकेवरची दुर्बीण. पण ती अणुरूप हायड्रोजनची १४२० मेगाहर्ट्झची रेषा पकडते, आणि मोठ्या सर्पिल दीर्घिकांच्या अगदी मधल्या भागात अणुरूप हायड्रोजन बहुधा विरळ असतो. तिथला वायू दाटून रेणूरूप झालेला असतो. रेणूरूप हायड्रोजन थंड अवस्थेत जवळपास काहीच प्रारण देत नाही. म्हणून त्याच्यात मिसळलेल्या कार्बन मोनॉक्साइडकडे, म्हणजे सीओकडे, बघावं लागतं. सीओची २-१ रेषा २३०.५३८ गिगाहर्ट्झला येते. हे काम चिलीतल्या चाजनांतोर पठारावर, ५००० मीटर उंचीवर असलेल्या अल्मा या रेडिओ दुर्बीण-समूहाचं.

फँग्स-अल्मा या सर्वेक्षणाने जवळच्या ९० दीर्घिकांचे सीओ डेटा क्यूब सगळ्यांसाठी खुले केले आहेत. एनजीसी १०९७ त्यात आहे. क्यूब म्हणजे दोन बाजू आकाशातल्या आणि तिसरी बाजू वेगाची; प्रत्येक ठिपक्यापाशी एक अख्खा वर्णपट. वेगाची पायरी सुमारे २.५ किमी/सेकंद, आणि बीम, म्हणजे ज्याच्या आत काहीच सुटं दिसत नाही तो डाग, साधारण १०० पार्सेकचा. सगळा क्यूब १६ जीबीच्या लॅपटॉपवर उघडायला गेलं की लॅपटॉप गपगार होतो. केंद्राभोवतीचा ४० सेकंदांचा चौकोन आणि ९०० ते १६५० किमी/सेकंद एवढाच वेगपट्टा कापून घ्यायचा; मग काम सुरळीत चालतं.

४९ कुठून आला

पद्धत पाठ्यपुस्तकातली. दीर्घिकेची तबकडी एकात एक बसवलेल्या वर्तुळाकार कड्यांची बनलेली आहे असं मानायचं. प्रत्येक कड्याला एक फिरण्याचा वेग, एक कल (तबकडी आपल्याला किती तिरकी दिसते तो कोन) आणि आकाशातली एक दिशा द्यायची. या दिशेला पोझिशन अँगल म्हणतात, रोजच्या बोलण्यात पीए. त्यातून नुसत्या गोल फिरण्याचा वेग-नकाशा तयार होतो. तो प्रत्यक्ष नकाशातून वजा केला की जे उरतं ते गोल फिरण्याखेरीजचं. लघु अक्षावर, म्हणजे जिथे फिरण्याचा वेग दृष्टिरेषेत दिसतच नाही, तिथे एका बाजूला +२० आणि दुसऱ्या बाजूला −२० किमी/सेकंद उरले होते. वायू आत किंवा बाहेर जात असेल तर लघु अक्षावर नेमकं हेच दिसायला हवं.

कल ४८.६ अंश, त्याची ज्या (साइन) ०.७५. वीसला, नेमकं सांगायचं तर १९.६ ला, ०.७५ ने भागलं, २६ किमी/सेकंद. एक किमी/सेकंद म्हणजे दहा लाख वर्षांत १.०२ पार्सेक, म्हणून २६.६ पार्सेक दर दहा लाख वर्षांना. कड्याची त्रिज्या १० सेकंद, ६५० पार्सेक. वायूची घनता दर चौरस पार्सेकला ४५० सूर्य. परीघ गुणिले घनता गुणिले वेग: वर्षाला ४९ सूर्य.

अहवाल मार्गदर्शक मॅडमसमोर गेला. त्यांनी कोडला हात लावला नाही. एवढंच विचारलं, "मग हे कडं रिकामं व्हायला किती वर्षं लागतील, काढलंत का?"

काढलं नव्हतं. कड्याची रुंदी ५०० ते ८०० पार्सेक धरली तर ३०० पार्सेकचा पट्टा २६.६ च्या वेगाने १ कोटी १० लाख वर्षांत ओसरतो. घनता काहीही असो, हे उत्तर बदलत नाही. आता त्याच कड्याची एक फेरी: ६५० पार्सेक त्रिज्या, सुमारे ३०० किमी/सेकंद वेग, म्हणजे १ कोटी ३० लाख वर्षं. वायूचा एक गोळा केंद्राभोवती धड एक फेरी मारायच्या आत सगळं कडं संपलं! तरीही कडं समोर आहे, त्यात वर्षाला जवळपास २ सूर्यांइतके तारे जन्मत आहेत. बाहेरून ४९ सूर्य येत असतील म्हणावं, तर ते आणणारं काही नकाशात दिसत नाही.

ही तपासणी दोन ओळींची आहे. ओघाचा कुठलाही आकडा आला की ती आधी करावी, आलेख रंगवायच्या आधी.

खाडीचं उदाहरण

कळवा पुलावर उभं राहून भरतीच्या वेळी ठाण्याच्या खाडीतलं पाणी बघा. पाणी ठामपणे शहराकडे येत असतं. त्या क्षणीचा वेग मोजला, खाडीच्या छेदाने गुणला आणि "दर सेकंदाला एवढं पाणी ठाण्यात शिरतं" असं जाहीर केलं, तर वर्षभरात शहराची काय गत व्हायची हे सांगायला नको. सव्वासहा तासांनी तेच पाणी परत फिरतं. भरती-ओहोटीचा हिशेब मिटवून जे उरतं ते फारच थोडं, आणि ते एका क्षणाच्या वेगावरून कळत नाही.

दांड्याच्या दीर्घिकेतला वायू असाच हेलकावे खातो. दांड्याचं गुरुत्वाकर्षण गोल नाही, लांबट आहे; त्यामुळे वायूच्या कक्षाही लांबट होतात. लांबट कक्षेत वायू एका टप्प्यात केंद्राजवळ येतो, दुसऱ्या टप्प्यात लांब जातो. येतानाचा वेग सहज २०-६० किमी/सेकंद असतो. जातानाचाही तेवढाच. बेरीज शून्याच्या जवळ.

खाडीचं उदाहरण इथे संपतं, कारण भरतीचं पाणी वेळेनुसार पलटतं, तर इथे जागेनुसार. आकाशात आपल्याला येणारा आणि जाणारा वायू एकाच वेळी, वेगवेगळ्या बाजूंना दिसतो. म्हणून फसायलाही सोपं: ज्या बाजूला नजर गेली ती बाजू खरी वाटते.

मग थोडा तरी वायू खरोखर आत कसा जातो? तारे एकमेकांना न शिवता एकमेकांच्या कक्षा ओलांडू शकतात. वायूला ती मुभा नाही. दोन कक्षा एकमेकींना छेदू लागल्या की वायू वायूवर आदळतो, धक्कालहर उठते, ऊर्जा प्रारणातून निघून जाते. दांड्याच्या आघाडीच्या कडेला जे काळे, जवळजवळ सरळ धूळपट्टे दिसतात ते या धक्कालहरींचे माग. तिथे दाटलेल्या वायूला दांडा मागे ओढतो, वायूचा कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याच्या गतीचा साठा, दांड्याकडे जातो, आणि वायू पट्ट्याच्या कडेने घसरत खाली येतो. दांड्याला समांतर असलेल्या लांब कक्षा सोडून तो आतल्या, दांड्याला आडव्या, जास्त गोल कक्षांवर स्थिरावतो. तिथे छेद नाहीत, आदळआपट नाही, म्हणून वायू साचतो. हेच ते कडं. दोन धूळपट्टे कड्याला दोन समोरासमोरच्या ठिकाणी येऊन मिळतात आणि तिथे सीओचे दोन ठळक डाग दिसतात.

म्हणजे कड्याबाहेर आत येण्याचा रस्ता अरुंद आहे: दोन पट्टे. बाकी सगळ्या तबकडीत हेलकावे. कड्याच्या पूर्ण परिघाने वेग गुणणं म्हणजे दोन नळांच्या धारेचा वेग अख्ख्या विहिरीच्या घेराने गुणणं.

चुका कशा सापडल्या

सगळ्यात स्वस्त चूक आधी. घनता काढताना कलाचा हिशेब राहिला होता. तिरक्या तबकडीकडे बघताना दृष्टिरेषा जास्त वायूतून जाते. सरळ वरून पाहिल्यासारखी घनता हवी तर कलाच्या कोज्येने (कोसाइनने) गुणायला लागतं. ४८.६ अंशांची कोज्या ०.६६. म्हणून ४५० चे झाले ३००, आणि ४९ चे ३३. सीओवरून वस्तुमान काढण्याचा गुणक हा वेगळा प्रश्न. सूर्याच्या परिसरासाठी सीओच्या १-० रेषेला तो ४.३५ धरतात, गटाने तोच घेतला होता, २-१ रेषेसाठी ०.६५ चं गुणोत्तर लावून. दीर्घिकांच्या केंद्रात वायू तापलेला आणि ढवळलेला असल्याने तेवढ्याच वायूतून सीओ जास्त उजळतो. तिथे खरा गुणक निम्मा किंवा त्याहून कमी असू शकतो. म्हणजे ३३ ही सुद्धा वरची बाजू. पण हे सगळं दुपटी-तिपटीतलं. मूळ आजार वेगातला होता.

वेगाच्या नकाशातली पहिली गडबड शून्याची. दीर्घिकेचा स्वतःचा दूर जाण्याचा वेग, सुमारे १२७० किमी/सेकंद, गटाने तालिकेतून घेतला. तालिका बऱ्याचदा प्रकाशीय व्याख्येतला वेग देतात, रेडिओ क्यूबमध्ये रेडिओ व्याख्या असते. दोन्हींत फरक वेगाचा वर्ग भागिले प्रकाशाचा वेग, इथे ५.४ किमी/सेकंद. शिवाय एकात संदर्भ सूर्याचा, दुसऱ्यात आसपासच्या ताऱ्यांच्या सरासरी गतीचा. क्यूबच्या हेडरमध्ये, म्हणजे फाइलच्या सुरुवातीच्या माहितीत, दोन्ही लिहिलेलं असतं; वाचायचं कुणी? सुदैवाने ही चूक सगळ्या नकाशावर एकाच चिन्हाने उमटते, त्यामुळे लगेच ओळखू येते. ती आत जाणाऱ्या वायूसारखी दिसत नाही.

आत जाणाऱ्या वायूसारखी हुबेहूब दिसते ती पीएची चूक.

गटाने पीए प्रतिमेवरून घेतला होता, १२७ अंश. तबकडीच्या उजेडाची लंबवर्तुळं मोजून. दांडा असलेल्या दीर्घिकेत हा मार्ग दगा देतो, कारण दांडा आणि त्याच्या टोकांपासून निघणाऱ्या भुजा लंबवर्तुळांना आपल्या बाजूला खेचतात. फँग्स गटाने वेगाच्या नकाशावरून, अख्ख्या तबकडीचा विचार करून काढलेला पीए १२२.४ अंश. फरक जेमतेम पाच अंशांचा. आता गणित करा: नमुना पाच अंश फिरवला तर लघु अक्षाच्या आसपास उरणारा वेग ढोबळमानाने म्हणजे फिरण्याचा वेग गुणिले कलाची ज्या गुणिले पाच अंशांची ज्या. ३०० × ०.७५ × ०.०८७ = १९.६ किमी/सेकंद. गटाला मिळालेले "वीस" हेच. एका बाजूला अधिक, दुसऱ्या बाजूला उणे. एकट्या कड्यापुरता पीएचा घोळ आणि खरा अरीय (केंद्राकडे किंवा केंद्रापासून दूर जाणारा) प्रवाह यांत काडीचा फरक दिसत नाही.

मग ओळखायचं कसं? अनेक कडी शेजारी शेजारी ठेवून. पीए चुकला असेल तर बनावट अरीय वेग प्रत्येक कड्यात फिरण्याच्या वेगाच्या ठरावीक प्रमाणात निघतो, कारण प्रमाण म्हणजे ढोबळमानाने चुकलेल्या कोनाची ज्या. गटाने हे गुणोत्तर त्रिज्येसमोर मांडलं. बहुतेक कड्यांत ते ०.०९ च्या आसपास घुटमळत होतं. खऱ्या वायूला एवढी शिस्त नसते.

"मॅडम, म्हणजे आम्ही दीर्घिका मोजलीच नाही, आमचा कोनमापकच मोजला," असं तिघांतली एक म्हणाली. नेमकं तेच.

उरलेल्या नमुन्यावरून कुठला आकडा चुकलाय हे ओळखण्याची रीत व्हान डर क्रुइट आणि अ‍ॅलन यांनी १९७८ मध्येच मांडून ठेवली आहे, आणि ती भिंतीवर लावून ठेवावी इतकी कामाची आहे. शून्य चुकलं तर सगळीकडे एकच रंग. पीए चुकला तर लघु अक्षाच्या दोन बाजूंना दोन रंग. कल चुकला तर फेरीत दोन रंगांची जोडी तीनदा येते. या चित्रात दांडा आणखी घोळ घालतो: तबकडीत दोन हातांची असलेली विकृती दृष्टिरेषेतल्या वेगात एक आणि तीन अशा रूपांत उमटते. म्हणजे दांड्याचा एक भाग पीएच्या चुकीसारखा दिसतो, दुसरा कलाच्या चुकीसारखा. म्हणून हे आकडे दांड्याच्या आतल्या भागावरून ठरवायचेच नाहीत. बाहेरच्या तबकडीवरून ठरवायचे, गोठवायचे, मग आत यायचं.

आणखी एक बारीक गोष्ट: पीए दूर जाणाऱ्या बाजूचा, उत्तरेकडून पूर्वेकडे मोजतात. कुणी जवळ येणारी बाजू धरली तर १८० अंशांचा फरक पडतो आणि नमुना उलटा बसतो. ते निदान डोळ्यांना दिसतं. न दिसणारा घोळ म्हणजे तबकडीची जवळची बाजू कुठली हा. लघु अक्षावर वायू आपल्याकडे येतोय एवढंच वेग सांगतो. तो वायू जवळच्या बाजूचा असेल तर तो केंद्रापासून बाहेर चाललाय, लांबच्या बाजूचा असेल तर आत. जवळची बाजू ठरवायला दोन खुणा: भुजा फिरण्याच्या दिशेच्या मागे ओढल्यासारख्या असतात हे गृहीत, आणि जवळच्या बाजूची धूळ मधल्या फुगीर भागाच्या उजेडावर जास्त गडद उठून दिसते. दोन्ही जुळल्याशिवाय "आत" हा शब्द लिहायचा नाही.

एका ठिपक्याचा वर्णपट

पीए दुरुस्त केल्यावरही दोन ठिकाणी मोठे उरलेले वेग हटेनात: जिथे धूळपट्टे कड्याला मिळतात तिथे. तिथला एक ठिपका उघडून पाहिला तेव्हा उलगडा झाला. वर्णपटात एक टेकडी नव्हती, दोन होत्या. समजा एक ११५० ला आणि दुसरी १२९० ला. वेग-नकाशा तयार करताना गटाने सरासरी वेग घेतला होता, ज्याला पहिला मोमेंट म्हणतात. सरासरी आली १२२०. त्या वेगाचा वायू तिथे जवळपास नव्हताच. १२२० ला दोन टेकड्यांमधली दरी होती.

एक टेकडी कड्यात फिरणाऱ्या वायूची, दुसरी पट्ट्यातून येऊन आदळणाऱ्या वायूची. आत येणारा वायू हवा होता तो हाच, आणि सरासरीने तोच पुसला. अशा जागी नकाशावर काम करायचं नाही, क्यूबवरच करायचं: पट्ट्याच्या लांबीने चीर घेऊन जागा आणि वेग असा आलेख काढायचा, म्हणजे दोन्ही घटक वेगळ्या रेघा म्हणून दिसतात. कडी बसवायचीच असतील तर थ्रीडी-बरोलोसारखं, थेट क्यूबशी ताडून बघणारं साधन वापरायचं. त्याचा दुसरा फायदा केंद्रात मिळतो. तिथे वेग थोड्या अंतरात फार बदलतो, आणि १०० पार्सेकच्या बीममध्ये तो सगळा कालवला जातो. मध्यापासून दोन बीमच्या आतलं काहीही, म्हणजे २०० पार्सेकच्या आतलं, या क्यूबवरून ठामपणे बोलायचं नाही.

स्फोट समजला गेलेला दांडा

१९५७ मध्ये व्हान वर्डेन, रुगूर आणि ऊर्ट यांनी आपल्या आकाशगंगेच्या मध्याजवळ वायूची एक भुजा पाहिली. केंद्राच्या दिशेत बघितलं तर ती आपल्याकडे ५३ किमी/सेकंदाने येत होती. गोल फिरणाऱ्या वायूचा वेग त्या दिशेत शून्य दिसायला हवा. केंद्रातून वायू बाहेर फेकला जातोय, असा सरळ अर्थ लागला, आणि स्फोटाची कल्पना पुढे बरीच वर्षं टिकली. दांड्यामुळे लांबट झालेल्या कक्षांनीही हे घडू शकतं असं द व्होकूलर यांनी १९६४ मध्ये सुचवलं होतं; आतल्या रेणूरूप वायूचं दांड्याच्या कक्षांवर आधारलेलं नीट स्पष्टीकरण बिनी आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये दिलं. २००८ मध्ये डेम आणि थॅडियस यांना केंद्राच्या पलीकडे तशीच जुळी भुजा सापडली, आपल्यापासून ५६ किमी/सेकंदाने दूर जाणारी. ठाण्यातल्या गटाने "आत" म्हटलं, १९५७ नंतर लोकांनी "बाहेर" म्हटलं, एवढाच फरक.

दुसऱ्या दीर्घिकांबाबतही अनुभव हाच. वाँग, ब्लिट्झ आणि बोस्मा यांनी २००४ मध्ये सात दीर्घिकांचे वेग-नकाशे याच हेतूने तपासले. गोल फिरण्यापासूनची फारकत २० ते ६० किमी/सेकंद सापडली. आत जाणाऱ्या प्रवाहाचा निर्विवाद पुरावा एकाही दीर्घिकेत नाही.

अर्ध्या अंशाचा प्रश्न

दुरुस्तीनंतर गटाचा कड्यातला सरासरी अरीय वेग पाच किमी/सेकंदाच्या आत आला, आणि चिन्ह पीएच्या अर्ध्या-एक अंशाच्या बदलाने पलटू लागलं. आणखी घासून आकडा सुधारायचा की पद्धत सोडायची?

उत्तर गणितातच आहे. सोर्मानी आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये याच दीर्घिकेचा, याच फँग्स डेटावरून, कड्याला मिळणाऱ्या वायूचा दर काढला: वर्षाला ३.० सूर्य, अनिश्चितता २.१. हा दर अख्ख्या कड्यावर पसरला तर सरासरी अरीय वेग किती लागेल? ३०० ची घनता धरून फक्त २.४ किमी/सेकंद. क्यूबमधल्या वेगाच्या एका पायरीएवढा. आणि ३०० किमी/सेकंदाने फिरणाऱ्या तबकडीत २.४ चा बनावट वेग तयार करायला पीए अर्धा अंश चुकला तरी पुरे. बाहेरच्या तबकडीला थोडा जरी पीळ असेल, तर अर्ध्या अंशाची हमी कोण देणार? कड्यांची पद्धत सोडायची.

पट्ट्यांवरून

सोर्मानी यांची पद्धत साधी भूमिती आहे. दांड्याबरोबर फिरणाऱ्या चौकटीत उभं राहिलं तर पट्ट्यातला वायू पट्ट्याच्या दिशेनेच वाहतो, हे गृहीतक. दांडा ही आकृती आहे. ती स्वतःच्या ठरावीक कोनीय वेगाने फिरते. कापूरबावडीच्या कोंडीतल्या गाड्या पुढे जातात, नव्या येतात, कोंडी आपल्या जागी असते; दांड्याचं तसंच, फक्त ही कोंडी स्वतःही फिरते. म्हणून आधी दृष्टिरेषेतल्या वेगातून दीर्घिकेचा वेग वजा करायचा, मग दांड्याच्या फिरण्याचा वाटा. हा वाटा सुदैवाने सोपा: दांड्याचा कोनीय वेग गुणिले दीर्घ अक्षावरचं अंतर गुणिले कलाची ज्या. समजा कोनीय वेग दर किलोपार्सेकला २० किमी/सेकंद आणि अंतर २ किलोपार्सेक, तर ३० किमी/सेकंद. हा वाटा विसरला तर काय होतं ते पुढच्या पायरीत दिसतं.

उरलेला वेग पट्ट्याच्या दिशेत उलटा नेण्यासाठी कलाची ज्या आणि तबकडीच्या पातळीत पट्टा दीर्घ अक्षाशी करतो त्या कोनाची ज्या, दोन्हींनी भागायचं. समजा तो कोन ३० अंश. ०.७५ × ०.५ = ०.३७५. म्हणजे दृष्टिरेषेतली १० ची चूक पट्ट्यात २७ ची होते, आणि विसरलेले ३० किमी/सेकंद ८० होऊन बसतात. पट्टा दीर्घ अक्षाला जितका समांतर तितका हा भागाकार बेभरवशाचा. वीस अंशांच्या खालचा पट्टा असेल तर हात आखडता घ्यावा. पीए इथेही लागतो. तो पाच अंशांनी दांड्याकडे चुकला तर ३० चा कोन २३ च्या आसपास येतो आणि वेग सव्वापट निघतो. सव्वापट. शून्यातून ३३ नाही. ही पद्धत पीएच्या चुकीला मारत नाही, पण तिला पोसतही नाही.

मग पट्ट्याच्या दर पार्सेक लांबीत किती वायू आहे ते क्यूबवरून काढायचं, वेगाने गुणायचं. १५० किमी/सेकंदाने येणारा वायू कड्यापासून २ किलोपार्सेकवरून कड्याला पोचायला सुमारे १ कोटी ३० लाख वर्षं घेतो, म्हणून पट्ट्याचा प्रत्येक तुकडा हा भविष्यातल्या एका काळाचा दर सांगतो. पट्टा गाठीगाठींचा असतो, त्यामुळे दरही वर-खाली होतो. सरासरी लांब काळाचीच घ्यायची. सोर्मानी यांची सरासरी ४ कोटी वर्षांची आहे.

एक कपात बाकी राहते. पट्ट्यातून आलेला सगळा वायू कड्यात उतरत नाही. काही कड्याला चाटून पुढे निसटतो आणि समोरच्या पट्ट्यावर जाऊन आदळतो. आपल्या आकाशगंगेसाठी २०१९ मध्ये पट्ट्यांवरून वर्षाला २.७ सूर्य असा दर निघाला होता. २०२१ च्या संगणकीय प्रतिरूपांत त्यातला साधारण एक तृतीयांशच आत उतरतो असं दिसलं आणि दर ०.८ वर आला. एनजीसी १०९७ च्या कड्यात ताऱ्यांच्या जन्माचा दर १.८ ते २ सूर्य आहे, त्यामुळे आलेल्या वायूतला मोठा भाग तिथेच खर्ची पडतो.

कड्याच्या आत

गटाच्या अहवालात एक रकाना "केंद्रातल्या कृष्णविवरापर्यंत पोचणारा दर" असा होता. ४९ चा आकडा असताना तो मोठ्या उत्साहाने भरला होता.

कृष्णविवराचं वस्तुमान, अल्माने पाहिलेल्या दाट वायूच्या गतीवरून, सुमारे १४ कोटी सूर्य. कड्यापाशी वायूचा दर एकक वस्तुमानाचा कोनीय संवेग ६५० गुणिले ३००, म्हणजे १,९५,००० पार्सेक-किमी/सेकंद. कृष्णविवरापासून १० पार्सेकवर फिरायचा वेग सुमारे २४५, तिथला संवेग २,४५०. म्हणजे कड्यातल्या वायूला आपल्या संवेगातला जवळपास ९९ टक्के वाटा कुणाला तरी देऊन टाकावा लागतो. दांडा त्याला कड्यापर्यंत सोडतो आणि तिथे हात वर करतो. आत बारीक सर्पिल धूळरेषा दिसतात. त्या, आतला अंडाकृती फुगवटा, ढगांची परस्पर घासाघीस, यांपैकी कुणी किती संवेग काढून घेतो हे वेगावरून ठरत नाही. त्यासाठी जवळच्या अवरक्त प्रकाशातल्या प्रतिमेवरून ताऱ्यांचं वस्तुमान, त्यावरून गुरुत्वाकर्षण, त्यावरून प्रत्येक ठिपक्यावरचा पीळ (फिरणं वाढवणारा किंवा घटवणारा जोर) काढायचा, सीओच्या घनतेने तोलायचा आणि फेरीची सरासरी घ्यायची. गार्सिया-बुरियो आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ही रीत रुळवली. तिचं वैशिष्ट्य असं की ती वायूचा वेग वापरतच नाही, फक्त वायू कुठे आहे तेवढं बघते. म्हणून पीएच्या चुकीचं बनावट अरीय वेगात रूपांतर होत नाही.

पण कृष्णविवराचं गुरुत्व जिथे वरचढ ठरतं तो गोल साधारण १५ पार्सेक त्रिज्येचा; ही त्रिज्या आकाशात पाव सेकंदाहून लहान. १०० पार्सेकच्या बीममध्ये तो सहज हरवतो. अंतिम अहवालात तो रकाना कोरा ठेवला आणि खाली बीमची रुंदी लिहिली.